एस्तेरअक्कांचं हूं

एस्तेरअक्का बोलत कमी आणि हूं जास्त म्हणत. समोरच्याचं वाक्य संपलं की त्यांचं हूं आलंच. ओठ मिटलेले, आवाज नाकातून, पण वेळ अचूक. दारावरचा भाजीवाला मेथी, गिलकी, वांगी अशी नावं घेई, तर त्या प्रत्येक भाजीला एक हूं देत आणि शेवटी काहीच घेत नसत. तो हातगाडी ढकलत म्हणे, "अक्का, तुमच्या हूंवर माझं पोट भरायचं नाही." त्यालाही त्या हूं म्हणत. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीचीसुद्धा त्यांच्या हूंमधून सुटका नव्हती.

त्यांची वरची खोली भाड्याने बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मी माझं सगळं सांगून टाकलं. मूळची जळगावची, इथे धुळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, लग्न केलेलं नाही, पुस्तकांच्या पेट्या बऱ्याच आहेत. त्या लसूण सोलत ऐकत होत्या. एक प्रश्न नाही. मला वाटलं, यांचं लक्षच नाही. मी जायला उठले तेव्हा म्हणाल्या, "पेट्या भिंतीला लावू नकोस. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते." त्या दिवसापासून त्या गेल्या तोपर्यंत मी त्यांच्या घरात राहिले. अजूनही तिथेच राहते. पेट्या पूर्वेच्या भिंतीला आहेत.

घर मिशनच्या जुन्या दवाखान्यामागे. तिथे ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आहेत. अक्का त्या दवाखान्यात नर्स होत्या. मी राहायला आले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, पण काम सुटलं नव्हतं. त्यांचे पती दानिएलभाऊ पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते आणि त्यांची वाचा गेली होती. अक्का त्यांना पुसत, भरवत, कूस बदलून देत, आणि हे करताना दिवसभराचं सगळं सांगत. कोण आजारी पडलं, चर्चमध्ये कोण आलं नाही, नळाला पाणी कधी आलं. प्रत्येक वाक्यानंतर त्या थोडं थांबत आणि भाऊंच्या वतीने हूंही स्वतःच म्हणत. मी जिन्यावरून ऐकलं की वाटे, खाली दोन माणसं बोलत आहेत. भाऊ गेले त्यानंतर बरेच दिवस जिन्याखालून काहीच ऐकू येत नव्हतं.

या हूंचा उगम मला एका उन्हाळ्यात कळला. आम्ही ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. अक्कांचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आई मजुरीला जाणारी, निरक्षर. बाजाराच्या दिवशी मिशनची एक बाई झाडाखाली बसून येशूच्या गोष्टी सांगे. त्या गोष्टी ऐकून अक्कांची आई विश्वासात आली, ख्रिस्ती झाली होती. ऐकलेलं ती घरी मुलांना सांगे, तेही शेंगा फोडतानाच, आपल्या अहिराणीत आणि आपल्या हिशेबाने. त्यांच्या गावात मेंढरं नव्हती, म्हणून हरवलेल्या मेंढराची बकरी झाली. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हूं द्यायचं, हा गावाचा रिवाज. हूं थांबलं की गोष्टही थांबायची.

"माय म्हणायची, 'हूं देशी, तवयच गोष्ट पुढे जाई,'" अक्का म्हणाल्या. "तू हूं देशील तेव्हाच गोष्ट पुढे जाईल. आणि नुसतं हूं चालायचं नाही तिला. आम्ही दिवसभराचे दमलेले, डोळे मिटायचे, तोंडातून हूं आपोआप निघायचं. मग ती मध्येच काहीतरी घुसडायची. 'मंग बकरीनी बैलगाडी जुपी आनि बजारले गई.' बकरी गाडी जुंपून बाजाराला गेली, याला कुणी हूं म्हटलं की टपली बसायची. 'जपी गई का वं?' झोपलीस का गं? मी पुष्कळ टपल्या खाल्ल्यात."

"मग गोष्ट पुरी कधी व्हायची?"

"कधी कधी नाहीच व्हायची. दुसऱ्या दिवशी परत बकरी हरवायची."

दवाखान्यातही त्यांनी हेच केलं असावं. चर्चमधल्या एक बाई, अक्कांबरोबर नोकरी केलेल्या, मला तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. एरंडोलकडचा एक म्हातारा शेतकरी शेवटच्या आजारात दवाखान्यात होता. जखम धुताना तो अक्कांना आपला सगळा जन्म सांगे. भावाशी तुटलेलं बोलणं, विहिरीत पडून गेलेली मुलगी. अक्का हूं म्हणत राहिल्या आणि तो गेला. "इतकी संधी होती," त्या बाई म्हणाल्या, "दोन शब्द तारणाचे सांगायचे की नाही?" मी हे अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याचं सांगून व्हायचं होतं ना अजून."

मी त्यांच्या धर्मातली नाही. त्यामुळे तारण, साक्ष हे शब्द मला त्या घरात राहून समजले. तारण म्हणजे पापातून, मरणातून सुटका. ती आईबापांकडून मिळत नाही. प्रत्येकाने स्वतः प्रभूला हो म्हणावं लागतं. साक्ष म्हणजे ते हो आपण कधी म्हटलं, कसं म्हटलं, हे चारचौघांत उभं राहून सांगणं. अक्कांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, जवळपास प्रत्येकाकडे अशी साक्ष होती. कुणी आजारातून उठला तो दिवस, कुणी दारू सोडली ती रात्र. अक्कांकडे काहीच नव्हतं. आणि त्यांच्या मुलाला, शमुवेलला, नेमकं तेच हवं होतं.

शमुवेलची साक्ष साऱ्या मंडळीला पाठ होती. तरुणपणी तो घर सोडून गेला. रावेरहून केळीचे ट्रक उत्तरेला नेई, पिई, महिनोन्‌महिने तोंड दाखवत नसे. ढाब्यावरून कधीतरी फोन करी, "आई, मी बरा आहे, पिणं सोडलंय." अक्का हूं म्हणत. दोघांनाही ते खोटं असल्याचं माहीत असे. मग एका सकाळी, रस्त्याच्या कडेला ट्रक लावून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला आणि प्रभूला हाक मारली. तिथून त्याचं आयुष्य बदललं. पुढे तो प्रचारक झाला. त्याने त्या सकाळीच आईला फोन करून सांगितलं होतं. आई म्हणाली, "हूं."

"इतकंच," तो मला कित्येक वर्षांनी म्हणाला. त्याच्या आवाजात अजून ते दुखणं होतं. "मावशी, मेलेला मुलगा उठून आला, आणि आई म्हणते हूं."

अक्कांनी मला त्याच फोनचं वेगळं सांगितलं होतं. "ओट्याला धरून खाली बसले. तोंडातून दुसरं काही निघेचना."

ज्याच्या आयुष्याचे एका सकाळी दोन तुकडे झाले, त्याला तुकडे न झालेलं आयुष्य कळत नाही. शमुवेल आईवर जीव टाकत होता, म्हणूनच तिचं तारण झालं नसेल, अशी त्याला भीती होती. तो महिन्यातून एकदा येई, औषधं आणे, कूलरमध्ये पाणी भरे आणि जेवताना विषय काढी.

"आई, दिवस राहू दे. वर्ष तरी सांग."

"हूं."

"हूं काय? प्रभूला तू स्वतः कधी स्वीकारलंस?"

"तू पोटात होतास तेव्हा स्वीकारलेलंच होतं."

"त्याच्या आधी?"

"आधीपण."

"म्हणजे कधीच नाही," शमुवेल म्हणाला आणि ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही.

अक्कांनी त्याच्या ताटात भरीत वाढलं. म्हणाल्या, "तू घर सोडून गेलास, म्हणून तुला परत आल्याचा दिवस आहे. मी गेलेच नाही रे कुठे. मी दिवस कुठून आणू?"

हे उत्तर मला फार आवडलं होतं, आणि मला वाटलं, अक्का निश्चिंत आहेत. तसं नव्हतं. तो गेल्यावर त्या ओट्यावर बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "नलू, तो म्हणतो ते खरं असलं तर? मायने जे दिलं ते मी घेतलं, वापरलं. चर्चला गेले, ड्यूटी केली, ह्यांचं केलं. माझं म्हणून ते कधी झालं? झालं का?" चहा निवून गेला. "आणि आता इतकी दमलेय की नव्याने काही करायचं म्हटलं तरी अंगात नाही. प्रार्थनेला बसते तर झोप लागते. ते हूं झोपेतलं आहे की जागेपणीचं, माझं मलाच कळत नाही."

मी पुस्तकं वाचलेली बाई. मी हूं म्हणाले.

त्या थंडीत चर्चच्या आवारात मांडव घालून तीन दिवसांच्या सभा झाल्या. बाहेरगावचे वक्ते होते, आणि शमुवेल व्यासपीठावर पेटी वाजवायला. शेवटच्या संध्याकाळी वक्त्यांनी हाक दिली. ज्यांनी अजून स्वतःहून प्रभूचा स्वीकार केलेला नाही त्यांनी उठावं, पुढे यावं. पेटी हळू वाजत होती. शमुवेल पट्ट्यांकडे बघत नव्हता, तो आईकडे बघत होता. मी अक्कांच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात टेकला आणि उठल्या.

गुडघेदुखीमुळे त्यांना पुढे पोचायला वेळ लागला. मांडवात कुजबुज सुरू झाली, कारण जिने अर्ध्या मांडवाला बालपणी इंजेक्शनं दिली होती ती बाई तारणासाठी पुढे चालली होती. वक्ते परके होते, त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी मोठ्या मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "आज या बहिणीच्या जीवनात तारण आलं आहे."

"आज नाही," अक्का म्हणाल्या.

माइक जवळ होता. सगळ्यांना ऐकू गेलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पेटी थांबली. वक्ते जरा गोंधळले, मग त्यांनी प्रार्थना सुरू केली, आणि अक्का ती संपेपर्यंत खाली मान घालून, प्रत्येक वाक्याला हूं म्हणत उभ्या राहिल्या.

परत येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "शमूसाठी गेले गं. म्हटलं, होईल त्याचं समाधान. पण तिथे उभी राहिले आणि वाटलं, मी कुणाकडे आले ही? प्रभू तर घरातलाच आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याचं तोंड बघितलंस?"

मी बघितलं होतं. शमुवेल त्या रात्री घरी आला नाही, मित्राकडे राहिला. पुढे तो नेहमीसारखा येत राहिला, कूलरमध्ये पाणी भरत राहिला, पण विषय त्याने पुन्हा काढला नाही. दोघं जेवताना केळीच्या भावाबद्दल आणि उन्हाबद्दल बोलत. मला ते भांडणापेक्षा जड वाटे.

गेल्या उन्हाळ्यात अक्कांचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, दोन वाक्यांत धाप लागायला लागली. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं. अक्कांना त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांनी असे पुष्कळ रुग्ण घरी पाठवलेले होते. शमुवेल कामं सोडून येऊन राहिला. आता पुसणं, भरवणं, कूस बदलणं तो करी. त्याला ते छान जमत होतं. भाऊंच्या वेळी तो नव्हता, मग शिकला कुठे, मला कळलं नाही.

एका दुपारी मी वरून ताक घेऊन खाली आले. कूलरचा आवाज, खिडकीला ओलं पोतं, आणि शमुवेल आईच्या कानाशी वाकलेला. इतके महिने अडवून धरलेला प्रश्न त्याच्या तोंडातून सुटला होता.

"आई, एकदा म्हण ना. मी प्रभूचा स्वीकार करते. एवढंच. माझ्यामागून म्हण."

अक्कांचे डोळे मिटलेले होते. त्याने पुन्हा विचारलं. मग तो सरळ झाला आणि मला म्हणाला, "मावशी, मी इतक्या लोकांना विचारतो. परक्या माणसाच्या खाटेशी बसून विचारतो, आणि ते हो म्हणतात. ही जाईल आणि मला कळणारच नाही. वर गेल्यावर ही तिथे नसली तर मी काय करू?"

हा प्रचारक माणूस, चाळिशी उलटलेला, केस पांढरे व्हायला लागलेले, खाटेच्या कडेवर बसून रडत होता. मी ताक खाली ठेवलं. मला एवढंच सुचलं. मी म्हणाले, "शमू, तिला विचारू नकोस. तिला गोष्ट सांग. तुझी आजी सांगायची तशी."

त्याने डोळे पुसून, लहानपणी कधीतरी ऐकलेल्या त्या बोलीत, अडखळत सुरुवात केली.

"एक मानूस व्हता."

"हूं," अक्का म्हणाल्या.

आवाज क्षीण होता, पण वेळ अचूक होती. शमुवेलने माझ्याकडे बघितलं.

"त्यानाजोडे शंभर बकऱ्या व्हत्यात."

"हूं."

"त्यामातली एक हारपनी."

"हूं."

"बठ्ठ्या सोडीसन तो तिले धुंडाले निंघना. डोंगर चढना, नाला उतरना."

"हूं."

बाकीच्या सगळ्या सोडून माणूस एका बकरीला शोधत निघाला होता, आणि हूं येत होतं, श्वासाबरोबर येत होतं. आणि मला शमुवेलच्या चेहऱ्यावर तीच शंका दिसली, जी ओट्यावर अक्कांनी स्वतःबद्दल घेतली होती. हे झोपेतलं तर नाही? तो थांबला. मग आजीने केलं असतं तेच त्याने केलं. आवाज जराही न बदलता म्हणाला, "मंग बकरीनी बैलगाडी जुपी आनि बजारले गई."

कूलर घरघरत होता. अक्का गप्प. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली, ओठांचा कोपरा हलला.

"हट्," अक्का म्हणाल्या. आणि जरा दम घेऊन, "पुढं सांग."

शमुवेल हसला आणि ते हसू लगेच मोडलं. त्याने आईचा हात दोन्ही हातांत धरला. "बकरी काटामा अडकेल व्हती," तो म्हणाला.

"हूं."

"त्याले ती सापडनी."

"हूं."

"त्यानी तिले खांदावर टाकी आनि घर लई उना."

बकरी खांद्यावरून घरी आली, आणि हे हूं सर्वांत लांब आलं. ते संपल्यावर अक्कांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दमल्या होत्या. शमुवेलने त्यांना पुन्हा काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. नंतर फारसे दिवस उरलेच नव्हते. रविवारी सकाळी, चर्चची घंटा व्हायच्या आधी, त्या गेल्या.

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकांनी रिवाजाप्रमाणे मुलाला साक्ष द्यायला सांगितलं. मांडवातला तो प्रसंग तिथल्या सगळ्यांच्या लक्षात होता. ज्याला माइक दिला की आवरावं लागे, तो शमुवेल उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आई ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकत होती. ती झोपेत नव्हती." लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. तो खाली वाकला आणि मूठभर माती घेतली.

आता शमुवेल रावेरकडे असतो. केळी भरणाऱ्या मजुरांच्या वस्तीत काम करतो. रविवारी संध्याकाळी मला फोन करतो; घराची चौकशी, ओल धरलेली भिंत, मग आठवडाभराचं. पहिल्या वेळी तो एक वाक्य बोलला आणि थांबला. मला वाटलं, फोन तुटला. मी हॅलो हॅलो केलं. तो म्हणाला, "मावशी, आहात ना?" मी म्हणाले, "आहे, बोल." तो पुन्हा एक वाक्य बोलला आणि पुन्हा थांबला. तो कशासाठी थांबतो आहे, हे कळायला मला दोन-तीन रविवार लागले.

त्याच्या देवाशी माझं काय नातं आहे, हे मी ठरवलेलं नाही, आणि या वयात ठरवण्याचं बळही वाटत नाही. संध्याकाळी मी दमलेली असते, पुस्तक मांडीवर उलटं पडलेलं असतं. फोन वाजतो. शमुवेल एक वाक्य सांगतो, थांबतो. मी हूं म्हणते. मग तो पुढे सांगतो.